फ्लॉरेन्सची परवानगी

इटलींतील फ्लॉरेन्स शहराच्या पश्चिमेस कॅशिने नांवाचें विस्तीर्ण उपवन आहे. त्याच्या टोंकास, आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमाजवळ, एक छत्री उभी आहे. तींतील अर्धपुतळा कोल्हापूरचे छत्रपति राजाराम महाराज यांचा होय. १८७० सालच्या ३० नोव्हेंबरला ते फ्लॉरेन्स येथें वारले. वय अवघें वीस वर्षांचें. हें स्मारक १८७४ सालचें. फ्लॉरेन्सकर त्या स्थळाला ‘इंदियानो’ म्हणतात, व जवळच्या पुलालाहि तेंच नांव पडलें आहे.

महाराज इंग्लंड पाहून परतत होते. फ्रान्स व प्रशिया यांचें युद्ध पेटलेलें असल्यामुळें ते बेल्जियम, जर्मनी व टिरोल या मार्गानें इटलींत उतरले. या प्रवासांत कितीतरी सरहद्दी लागल्या. परंतु त्या काळीं पश्चिम युरोपांतील बहुतेक राष्ट्रांनीं पासपोर्टाची सक्ती सैल केली होती. आगगाड्यांनीं उतारूंची गर्दी इतकी वाढविली कीं, प्रत्येकाचे कागद तपासणें अशक्य होऊन बसलें.

मग हिंदी राजाला अडविणारें कोणीच नव्हतें काय? होतें, पण तें नाकें त्याच्या घरींच होतें. इंग्रज सरकारच्या संमतीवांचून संस्थानिकाला विलायतेस जातां येत नसे. महाराजांसमवेत कॅप्टन वेस्ट हा इंग्रज अधिकारी होता. महाराजांची इंग्रजी रोजनिशी १८७२ सालीं लंडनांत प्रसिद्ध झाली ती त्यानेंच संपादिलेली. दुसरें नाकें समाजाचें. समुद्र ओलांडणाऱ्यास प्रायश्चित्त सांगणारे शास्त्री तेव्हां घरोघर मान्य होते, आणि वीस वर्षांच्या राजानें तीं दोन्हीं नाकीं ओलांडलीं हें माझ्या मतें त्याच्या साऱ्या युरोपदर्शनाहून मोठें साहस होय.

इटलीचें सरकार मात्र महाराजांच्या मृत्यूनंतरच मध्यें आलें. मंडळींना शास्त्रोक्त दहन हवें होतें, तेंहि नदीसंगमीं व विनाविलंब. ख्रिस्ती इटलींत प्रेताचें दफन हीच रीत. तेथील मिलान शहरीं आधुनिक दहनगृह निघालें तें पुढें १८७६ सालीं. फ्लॉरेन्स त्या वेळीं राजधानी असल्यानें अधिकारी हातांशीं होते, हें सुदैवच. खास परवानगी मिळाली, आणि त्याच रात्रीं, मध्यरात्र उलटल्यावर, कॅशिनेच्या टोंकाशीं चिता पेटली. ज्या देशाला हा विधि सर्वस्वीं अपरिचित, त्यानें कांहीं तासांत तो होऊं दिला. ही गोष्ट आजहि नवल वाटावी अशीच आहे.

सैल झालेले कागद १९१४ च्या महायुद्धानें पुन्हां घट्ट केले. हेरांच्या भयानें आलेला पासपोर्ट शांतता झाल्यावरहि गेला नाहीं. १९२० सालीं पॅरिस येथें भरलेल्या परिषदेनें त्याला एक ठराविक रूप दिलें. हिंदुस्थानांत येणाऱ्यांसाठींहि त्याच वर्षीं कायदा झाला. युरोपानें पुढें आपसांतील सरहद्दी पुसल्या. १९९७ सालीं इटलीनें शेंगेन करार अमलांत आणला. परंतु बाहेरच्यांसाठीं भिंत कायम राहिली.

आज वारणानगरच्या एखाद्या कुटुंबाला ती छत्री पाहावयाची झाल्यास, इटलीची वाट धरण्यापूर्वीं अर्जकेंद्र गांठावें लागतें, बोटांचे ठसे द्यावे लागतात, प्रौढांना माणशीं ९० युरो फी भरावी लागते आणि निकालाची साधारण पंधरा दिवस वाट पाहावी लागते. व्हिसा मिळाला तरी कोणत्याहि १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहतां येत नाहीं. परतीच्या तिकिटाचा व खर्चाच्या पैशांचा पुरावा हवा. शिवाय किमान ३०,००० युरोंचा विमा हवा. आणि त्या विम्यांत आजाराच्या व इस्पितळाच्या खर्चाबरोबर प्रवाशाच्या मृत्यूचा खर्चहि धरलेला असावा, असें नियमांत स्पष्ट लिहिलेलें आहे.