वेटर नाही, पट्टा फिरतो: स्वस्त सुशीची गोष्ट

आजचा भाग खाण्याबद्दल आहे, पण रेसिपी मिळणार नाहीये, आधीच सांगतो. आज इतिहास. आणि त्याआधी एक प्रश्न.

हॉटेलात बसल्यावर तुम्ही मेनूकार्ड कुठल्या बाजूने वाचता? मी उजवीकडून. आधी आकडा, मग पदार्थाचं नाव. खिशाला झेपेल त्या ओळीवर बोट थांबतं आणि मग आपण म्हणतो, "हां, आज हेच खायचा मूड आहे." आपल्यातल्या बऱ्याच जणांचं असंच असणार.

आता विचार करा, ती उजवी बाजूच नसेल तर? जपानमध्ये चांगल्या सुशीच्या दुकानात बराच काळ हेच चित्र होतं. भिंतीवर माशांच्या नावाच्या पाट्या, पण खाली किंमत नाही. किंवा लिहिलेलं असायचं 'जिका', म्हणजे बाजारभावाप्रमाणे. समोर सुशी वळणारा कारागीर उभा. त्याला "हे केवढ्याला?" असं विचारणं म्हणजे स्वतःची शोभा करून घेणं. त्यामुळे साध्या पगारदार माणसासाठी सुशी म्हणजे सणासुदीचं किंवा साहेबाच्या पैशाने खायचं जेवण झालं होतं.

गंमत अशी की सुशी मुळात असली उच्चभ्रू गोष्ट नव्हतीच. आज आपण जिला सुशी म्हणून ओळखतो, म्हणजे व्हिनेगर लावलेल्या भाताचा छोटा मुटका आणि त्यावर माशाचा तुकडा, तिला 'निगिरी' म्हणतात. ती १८२० च्या दशकात एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, लोकप्रिय झाली. तिचं श्रेय साधारणपणे हानाया योहेई या माणसाला दिलं जातं. ती गाडीवर मिळायची. कामगार यायचे, उभ्याउभ्या हाताने दोन-तीन मुटके खायचे आणि चालू पडायचे. मुटकाही आजच्यापेक्षा बराच मोठा. थोडक्यात, आपल्याकडे वडापावचं जे काम, ते एदोत सुशीचं.

मग १९२३ चा कांतो भूकंप झाला. टोकियो उद्ध्वस्त झालं, तिथले अनेक कारागीर आपापल्या गावी परतले आणि एदोची सुशी जपानभर पसरली. पुढे महायुद्ध, आणि युद्धानंतर अन्नाची भीषण टंचाई. १९४७ मध्ये सरकारने बहुतेक हॉटेलांवर बंदी घातली. सुशीवाल्यांनी त्यातून एक भारी वाट काढली: आम्ही जेवण विकत नाही, आम्ही फक्त मजुरी घेतो! गिऱ्हाईकाने एक 'गो' तांदूळ आणायचा, म्हणजे साधारण १५० ग्रॅम, आणि त्या बदल्यात १० मुटके न्यायचे. आपण दळण घेऊन गिरणीत जातो ना, अगदी तसंच. त्याला परवानगी मिळाली आणि धंदा वाचला. पण स्वच्छतेच्या नियमांमुळे गाड्या गेल्या, सुशी दुकानाच्या आत गेली आणि हळूहळू महाग झाली.

इथे आपल्या गोष्टीचा नायक येतो. नाव योशिआकी शिराईशी. ओसाकाजवळ, आज ज्याला हिगाशी-ओसाका म्हणतात त्या भागात, त्याचं छोटं सुशीचं दुकान होतं. हा सगळा लहान-लहान कारखान्यांचा पट्टा. गिऱ्हाईक म्हणजे कामगार: भूक मोठी, खिसा लहान, सुट्टी त्याहून लहान. शिराईशीला सुशी स्वस्त द्यायची होती आणि पटापट द्यायची होती. अडचण एकच, माणसं मिळत नव्हती. एकटा माणूस वळणार किती, वाढणार किती आणि गल्ल्यावर बसणार कधी?

एकदा तो आसाहीचा बिअरचा कारखाना बघायला गेला. तिथे बाटल्या सरकत्या पट्ट्यावरून ओळीने पुढे जात होत्या. माणसं जागेवर, बाटल्या चालतायत. त्याच्या डोक्यात आलं, बाटलीच्या जागी बशी ठेवली तर?

ऐकायला सोपं वाटतं, पण त्याला यावर सुमारे पाच वर्षं घालवावी लागली. पहिला प्रश्न वळणाचा. बिअरचा पट्टा सरळ जातो. दुकानात मात्र पट्ट्याला काउंटरभोवती फिरून परत कारागिराकडे यायचं असतं आणि कोपऱ्यावर बशी अडकून चालत नाही. आजही तुम्ही असा पट्टा बघितला तर चंद्रकोरीच्या आकाराच्या पट्ट्या एकमेकींत सरकताना दिसतात, त्या या कोपऱ्यासाठी. दुसरा प्रश्न वेगाचा. पट्टा जोरात पळवला तर सुशी वाऱ्याने सुकते आणि बशी उचलायला गिऱ्हाईक घाबरतं. हळू चालवला तर भुकेला माणूस वैतागतो. शेवटी वेग ठरला सेकंदाला ८ सेंटीमीटर. आणि १९५८ मध्ये 'मावारू गेनरोकु सुशी' सुरू झालं. 'मावारू' म्हणजे फिरणारी.

आता गिऱ्हाईकाच्या खुर्चीत बसून बघा काय बदललं. आपल्या पंगतीत बसणारा जागेवर आणि वाढपी फिरतो. वाढप्याची नजर आपल्याकडे वळेपर्यंत थांबायचं. इथे वाढपीच नाही, अन्नच फिरतंय. समोर दिसलं, आवडलं, उचललं. नाव माहीत नसलं तरी चालतं, उच्चार चुकला म्हणून कोणी हसत नाही. लोणच्याचं आलं समोर डब्यात, फुकट. पुढे टेबलावरच गरम पाण्याचा नळ आला, चहाची पूड कपात टाकायची आणि आपला चहा आपण करायचा. पुढे बशीच्या रंगावरून किंमत ठरायला लागली. जेवण झालं की रिकाम्या बशांची चळत मोजायची, की बिल तयार. म्हणजे जी उजवी बाजू गायब होती ती आता प्रत्येक बशीवर आली. खाता खाताच कळतं, आतापर्यंत किती झाले. माझ्या मते या शोधातला सगळ्यात मोठा भाग पट्टा नाही, हा आहे. बिलाची भीती गेली.

१९७० मध्ये ओसाकात जागतिक प्रदर्शन भरलं, तब्बल ६ कोटी ४० लाखांच्या वर लोक आले. तिथे फिरती सुशी देशाने पाहिली. १९७८ च्या सुमारास शिराईशीच्या पेटंटची मुदत संपली आणि मग काय, जो तो पट्टा बसवायला लागला. १९८१ मध्ये 'सुझुमो' या कंपनीने भाताचा मुटका वळणारं यंत्र आणलं. ही कंपनी मूळची मिठाईची यंत्रं बनवणारी! कारागिराला वर्षानुवर्षं शिकावं लागतं ते काम यंत्र करायला लागलं. कारागिरांना हे आवडलं नसणारच. पण रविवारी लेकरांना घेऊन जेवायला जाणाऱ्या आईबापांना परवडणारी सुशी याच यंत्रांमुळे मिळाली.

मासासुद्धा बदलला. जपानी लोक कच्चा सॅल्मन खात नसत, त्यांच्या पॅसिफिकमधल्या सॅल्मनमध्ये जंत असायचे. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला मत्स्यशेतीतला सॅल्मन जपानला विकायची मोहीम काढली. जुन्या दुकानांनी नाक मुरडलं, पण फिरत्या पट्ट्यावर तो बसला. आज तिथे तो सगळ्यात आवडत्या माशांपैकी एक आहे. पट्ट्यावर वशिला चालत नाही, लोकांनी उचललं तर राहतं.

आता थोडं माझ्या धंद्यातलं. फिरता पट्टा म्हणजे आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला 'कॅश' म्हणतो तेच. मागणी यायच्या आधीच माल तयार ठेवायचा, म्हणजे वाट बघावी लागत नाही. पण कॅशचा जुना रोग इथेही आहे: शिळेपणा. ही बशी किती वेळ फिरतेय? यावर 'सुशिरो' या साखळीने बशीखाली चिप लावली. बशी ३५० मीटर फिरली की आपोआप पट्ट्यावरून बाहेर. शिवाय १ मिनिटाने आणि १५ मिनिटांनी किती सुशी लागेल याचा अंदाज सिस्टीम स्वयंपाकघराला देते. 'कुरा'ने तर रिकाम्या बशा टाकायला टेबलाशीच खाच केली. पाच बशा टाकल्या की स्क्रीनवर एक खेळ, जिंकलात तर छोटं खेळणं. पोरं आईबापांना पाचवी बशी खायलाच लावतात!

पण या सगळ्या यंत्रणेचा एक भाग कुठल्याच चिपमध्ये नव्हता. माझ्या समोरून जाणारी बशी आधी दहा अनोळखी लोकांसमोरून गेलीय आणि त्यांनी तिला हात लावला नाही, हा विश्वास. जानेवारी २०२३ मध्ये तोच तुटला. गिफू शहरातल्या सुशिरोच्या दुकानात एका मुलाने सोया सॉसची बाटली चाटली, थुंकी लावलेलं बोट फिरत्या सुशीला लावलं आणि त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. कंपनीचा शेअर एका दिवसात जवळपास ५ टक्के पडला. तिने ६ कोटी ७० लाख येनचा दावा लावला, पुढे तडजोड झाली. पण गिऱ्हाईकाच्या मनात बसलेला प्रश्न तडजोडीने जात नाही. अनेक साखळ्यांनी मोकळी फिरणारी सुशी बंद केली, फक्त ऑर्डर दिलेली बशी थेट तुमच्याकडे. कुराने पट्टा ठेवला, पण बशांच्या झाकणांवर नजर ठेवणारे कॅमेरे बसवले. आणि सुशिरोने त्याच वर्षी सप्टेंबरात काही दुकानांत टेबलाला लांबलचक स्क्रीन लावली. त्यावर सुशीची चित्रं फिरतात, बोट लावलं की ऑर्डर जाते. पट्टा गेला, पट्ट्याचं चित्र राहिलं.

शिराईशी हे बघायला नव्हता, तो २००१ मध्ये वारला. एके काळी त्याची जवळपास २४० दुकानं होती, तेव्हा उरली होती ११. वाढायला रोबो आणायचा त्याचा प्रयोगही चालला नाही. ज्याने वाट पाडली तो मागे पडला, हे आमच्या क्षेत्रातही रोज दिसतं.

मला यातून एकच गोष्ट सांगायचीय. आज पुण्या-मुंबईतही टेबलावर क्यूआर कोड चिकटवलेला असतो, आणि आपण म्हणतो तंत्रज्ञानाने माणूस घालवला. शिराईशीने वेटर घालवला हे खरं, पण त्या जागी त्याने शेजारच्या अनोळखी गिऱ्हाईकावर विश्वास ठेवला. स्वस्त सुशी ६० वर्षांहून जास्त काळ त्या विश्वासावर चालली. आता तो विश्वास कॅमेऱ्याने आणि स्क्रीनने भरून काढायचा, तर त्याचा खर्च कुठल्यातरी बशीच्या किमतीत येणारच. आणि तो तुम्ही-आम्हीच भरणार, ज्यांनी कधी बाटली चाटलेली नाही.

तर मंडळी, सार्वजनिक डब्यातलं लोणचं घेताना चमचा स्वच्छ ठेवा. पुढच्या भागात भेटू. वेळेवर जेवा!