21 जून, योगवर्ग आणि पिलाटेस : एका दिवसामागची शंभर वर्षं

परवा एक निवृत्त गुरुजी रक्तदाब तपासायला आले होते. पट्टा सोडता सोडता त्यांनी विचारलं, "डॉक्टर, सुनेनं पुण्यात पिलाटेसचा क्लास लावलाय. महिन्याला बरेच पैसे मोजते. मी इथे 21 जूनला शाळेच्या मैदानावर फुकट योग करतो. यातलं खरं कोणतं?"

त्यांच्या मागे कांद्याच्या चाळीवर काम करणाऱ्या एक ताई बसल्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "आम्ही तर रोज दिवसभर वाकतो. आम्हाला अजून कसला योग?"

दोन्ही प्रश्न मला महत्त्वाचे वाटले. त्यांची उत्तरं औषधाच्या चिठ्ठीवर मावणारी नाहीत, म्हणून हा लेख. उत्तर शोधायला आपल्याला शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागेल. पण आधी तारखेचं बघू.

21 जूनच का?

उत्तर गोलार्धात हा वर्षातला सर्वांत मोठा दिवस. (कधी कधी तो एखाद्या दिवसाने पुढेमागे होतो.) आपल्या कळवणला या दिवशी सूर्य सहाच्या थोडं आधी उगवतो आणि दिवस साधारण 13 तास 20 मिनिटांचा असतो. लंडनला तोच दिवस साडेसोळा तासांहून मोठा. म्हणूनच जिथे हिवाळा लांबलचक आणि अंधारा असतो, त्या युरोपच्या उत्तरेकडच्या देशांत या सुमाराला शेकोट्या पेटवून, नाचून सण करतात. त्यांच्याकडे ऊन दुर्मीळ, म्हणून त्यांना उन्हाचं अप्रूप.

आपल्याकडे उन्हाचं अप्रूप कुणाला? कळवण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने 21 जूनच्या दुपारी सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला गेलेला असतो. ढग नसतील तर दुपारी साडेबाराच्या सुमाराला एक मीटरची काठी अंगणात उभी करून पाहा. सावली जेमतेम पाच सेंटिमीटरची पडेल आणि तीही दक्षिणेकडे! पंचांगात या दिवशी दक्षिणायन सुरू झाल्याची नोंद असते, पण शेतकऱ्याचं लक्ष असतं आर्द्रा नक्षत्राकडे. मृग कोरडा गेला तर आर्द्रा तरी बरसणार का, पेरणी साधणार का, ही चिंता. थोडक्यात, हा दिवस आपल्या भागात सणाचा नव्हता, तो पेरणीचा होता.

योग आणि हा दिवस यांची सांगड अलीकडची आहे. न्यूयॉर्कच्या गजबजलेल्या टाइम्स स्क्वेअर चौकात 2003 पासून दरवर्षी या दिवशी भर रस्त्यावर चटया टाकून योगासनं करण्याचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे 27 सप्टेंबर 2014 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आंतरराष्ट्रीय योग दिनाची कल्पना मांडली. 11 डिसेंबर 2014 रोजी तो ठराव मंजूर झाला आणि 177 देश त्याचे सहप्रस्तावक होते. 21 जून 2015 च्या पहिल्या योग दिनाला दिल्लीच्या राजपथावर 35,985 लोकांनी एकत्र आसनं केली. तेव्हापासून गावोगावच्या शाळांत हा दिवस होतो.

दिवस नवा असला, तरी 'सगळ्यांनी मिळून एका तालावर' ही रीत नवी नाही. तिची मुळं आपल्याच महाराष्ट्रात सापडतात.

औंधच्या राजाचे सूर्यनमस्कार

आजच्या सातारा जिल्ह्यातलं औंध हे छोटं संस्थान. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी तरुणपणी युजेन सँडो या युरोपातल्या प्रसिद्ध बलवानाच्या पद्धतीने व्यायाम करत. जवळजवळ दहा वर्षं त्यांनी ती साधनं वापरली. पुढे मिरजेच्या राजांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि मग आयुष्यभर त्याचेच प्रचारक झाले. संस्थानातल्या शाळांमध्ये त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले, मराठीत आणि इंग्रजीत पुस्तकं लिहिली. 1938 मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनमधून निघालं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. साधन नको, पैसा नको, जागा चटईएवढी पुरे. राजानेही करावं आणि शाळेतल्या पोरानेही. गंमत अशी, की त्या काळी सूर्यनमस्कार हा 'व्यायाम' मानला जाई आणि योगासनं ही वेगळी गोष्ट. आज आपण दोन्ही एकाच वर्गात, एकाच नावाखाली करतो.

अमळनेरचे प्राचार्य, लोणावळ्याची प्रयोगशाळा

दुसरे गृहस्थ आपल्या शेजारच्या खानदेशाशी जोडलेले. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म 1883 चा. बडोद्याला माणिकरावांकडे ते व्यायाम शिकले आणि नर्मदाकाठी माळसर इथल्या माधवदासजींकडे योग. अमळनेरला त्यांनी शिक्षक आणि प्राचार्य म्हणून काम केलं. हेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले.

1924 मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केलं. डॉक्टर म्हणून मला त्यांचं मोठेपण वाटतं ते असं : योगाने अमुक होतं, तमुक होतं, असं नुसतं सांगून ते थांबले नाहीत. उड्डियान आणि नौली करताना पोटात काय घडतं हे त्यांनी क्ष-किरणांनी पाहिलं, दाब मोजण्याचं यंत्र लावलं. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवलं. श्रद्धा असूनही मोजमाप करणं ही दुर्मीळ वृत्ती आहे.

शाळांसाठी त्यांनी 'यौगिक संघ व्यायाम' तयार केला. म्हणजे ओळीत उभ्या राहिलेल्या मुलांनी आकड्यांच्या तालावर करायच्या सोप्या क्रिया. आज 21 जूनला ध्वनिक्षेपकावरून "एक, दोन, तीन" ऐकू येतं, त्याचे हे पूर्वज. पण लक्षात घ्या, जे गर्दीत करायचं ते त्यांनी मुद्दाम सोपं ठेवलं. आजाऱ्यांसाठी संस्थेत वेगळी व्यवस्था होती.

पुण्यात आलेला आजारी मुलगा

1918 ची इन्फ्लुएन्झाची साथ चालू असताना कर्नाटकातल्या बेल्लूर गावी एक मूल जन्माला आलं. आईला गरोदरपणीच त्या आजाराने गाठलेलं. मुलगा अशक्त, आणि पुढे मलेरिया, विषमज्वर, क्षय असे आजार एकामागून एक. हे बी. के. एस. अय्यंगार. म्हैसूरला मेहुणे कृष्णम्माचार्य यांच्याकडे ते आसनं शिकले आणि 1937 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, डेक्कन जिमखान्यावर शिकवायला पुण्यात आले. समोरचे तरुण त्यांच्यापेक्षा धडधाकट. भाषेची अडचण वेगळीच. सहा महिन्यांसाठी आलेला हा मुलगा जन्मभर पुण्यात राहिला.

स्वतः आजारपण भोगलेलं असल्यामुळे असेल, पण ज्याचा हात पायापर्यंत पोचत नाही त्याच्यासाठी त्यांनी पट्टा दिला, हाताखाली लाकडी वीट ठेवली, भिंतीला दोर बांधले, खुर्ची आणली. माणसाला आसनात कोंबण्यापेक्षा आसन माणसाजवळ आणलं. 1966 मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक जगभर गेलं, 1975 मध्ये पुण्यात त्यांची संस्था उभी राहिली. ऑगस्ट 2014 मध्ये ते गेले. योग दिनाचा ठराव त्यानंतर चार महिन्यांनी झाला.

छावणीतला जर्मन

आता गुरुजींच्या सूनबाईंचं पिलाटेस. हे एका माणसाचं आडनाव आहे. जोसेफ पिलाटेस यांचा जन्म जर्मनीतला, सालही कुवलयानंदांचंच, 1883. लहानपणी दमा आणि मुडदूस. शरीर कमावण्यासाठी त्यांनी जिम्नॅस्टिक, मुष्टियुद्ध असं बरंच काही केलं. पहिल्या महायुद्धात ते इंग्लंडमध्ये होते. शत्रुदेशाचे नागरिक म्हणून त्यांना आइल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत डांबलं गेलं. तिथे त्यांनी सोबतच्या कैद्यांना व्यायाम शिकवला. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी खाटेच्या स्प्रिंगा वापरून त्यांनी साधनं बनवली, असं सांगतात.

1926 च्या सुमाराला ते न्यूयॉर्कला गेले. पत्नी क्लारा यांच्यासह त्यांनी व्यायामशाळा चालवली आणि दुखापत झालेले नर्तक त्यांच्याकडे येऊ लागले. पोट, कंबर आणि ओटीपोटाचे खोलवरचे स्नायू, श्वास आणि सावकाश, ताब्यात ठेवलेली हालचाल, हा त्यांच्या पद्धतीचा गाभा. 1967 मध्ये ते गेले. 2000 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने निकाल दिला, की योग किंवा कराटेप्रमाणेच पिलाटेस हेही एका पद्धतीचं नाव आहे, त्यावर कुणा एकाची मालकी नाही. याचा दुसरा अर्थही ध्यानात ठेवा : दोन्हीकडे कुणीही पाटी लावू शकतो. म्हणून शिक्षकाचं प्रशिक्षण कुठे झालं हे विचारायला लाजू नका.

मग आपण काय घ्यायचं?

या इतिहासात मला दोन प्रवाह दिसतात. एक औंधचा आणि संघ व्यायामाचा : सगळ्यांनी मिळून, रोज, बिनखर्चाचं. दुसरा अय्यंगार आणि पिलाटेस यांचा : समोरच्या माणसाचं शरीर पाहून, त्याला झेपेल तसं. पहिल्यामुळे सवय लागते, दुसऱ्यामुळे इजा टळते. 21 जूनच्या मैदानावर पहिला प्रवाह भरपूर असतो, दुसरा जवळजवळ नसतो. त्याची किंमत मला जूनच्या शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात दिसते. वर्षभर न हललेली कंबर एका सकाळी वाकवून कुणी येतं, तर कुणी "आता योग सुरू केला" म्हणून रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करून येतं. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. गोळी बंद केल्याचं त्या दिवशी काही जाणवत नाही, पण पक्षाघात सांगून येत नाही.

गुरुजींना माझं उत्तर : जुनाट कंबरदुखीवर योग आणि पिलाटेस दोन्हींचा अभ्यास झाला आहे. नियमित केल्यास दोन्हींनी काही प्रमाणात आराम पडतो, पण इतर चांगल्या व्यायामांपेक्षा ते फार सरस आहेत असं सिद्ध झालेलं नाही. म्हणजे जो वर्ग घराजवळ आहे, परवडतो आणि जिथे तुम्ही डिसेंबरमध्येही जाल, तोच तुमच्यासाठी खरा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस स्नायू बळकट करणारा आणि ज्येष्ठांना तीन दिवस तोल सुधारणारा. योगवर्गाला भरभर चालण्याची जोड दिली की हे जमतं.

चाळीवरच्या ताईंना माझं उत्तर : दिवसभर पुढे वाकणं हे श्रम आहेत, पण ते एकाच दिशेचे. कंबरेला आता उलट दिशेची आणि आधार देणाऱ्या स्नायूंची हालचाल हवी. तासाभराने उठून कंबरेवर हात ठेवून हळूच मागे झुकणं, रात्री निजताना झेपेल तसं सेतुबंध किंवा भुजंगासन, एवढंही पुरेसं आहे. पायात कळ जात असेल, मुंग्या येत असतील, तर आधी दाखवून जा.

वर्गाला जाण्यापूर्वी हे सांगा

- रक्तदाब ताब्यात नसेल, हृदयविकार असेल तर वेगाने कपालभाती करणं आणि श्वास कोंडून धरणं टाळा.
- काचबिंदू असेल तर शीर्षासन, सर्वांगासन यांसारखी डोकं खाली असणारी आसनं नकोत. डोळ्यातला दाब वाढतो.
- हाडं ठिसूळ झाली असतील तर कमरेतून जोरात पुढे वाकणं आणि पिलाटेसमधलं पाठ गुंडाळत उठणं टाळा. मणका दबू शकतो.
- इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी चालू असेल तर उपाशीपोटी किती व्यायाम करायचा ते आधी विचारा. खिशात साखर ठेवा.
- गरोदर असाल, हर्निया असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर शिक्षकांना आधी सांगा.
- आणि कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका. नियमित व्यायामाने डोस कमी होऊ शकतो, पण तो मोजून, आपण मिळून कमी करू.

गुरुजींनी जाताना विचारलं, "मग 21 जूनला जाऊ ना?" म्हटलं, जरूर जा. झेपेल तेवढंच करा, शेजारच्याशी स्पर्धा नको. आणि 22 तारखेला सकाळी त्याच मैदानावर कोण कोण येतंय ते मला कळवा. पेरणी एका दिवसात होते, पण पीक रोजच्या राखणीने येतं, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.