कुंडलची शेती आणि पाऊसपाणी

कुंडल पूर्वी औंध संस्थानात होते. ढग महाबळेश्वरी रिते होतात. आपल्या वाट्याला उरलीसुरली सर. म्हणून वाडवडिलांचा भरवसा ज्वारीवर. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ कारखाना मांडला, तो निवडुंगाच्या माळावर. लोखंडी नांगर रानोरान गेले, पाऊस मात्र वाढला नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेले हात आजही गावोगाव आहेत. पुढे ताकारी योजनेने कृष्णेचे पाणी उचलले. म्हणजे महाबळेश्वरचाच पाऊस फिरून या भागातील माळांवर आला. ऊस, द्राक्षे झाली. पण द्राक्षाला पाणी मुळाशी हवे. छाटणीनंतर अवकाळी सर पानावर पडली की दावण्या आलाच. २०१९ च्या ऑगस्टात तीच कृष्णा तालुक्यातील काठच्या गावांत शिरली. पूर्वी कचेरीत दुष्काळाचे अर्ज येत. आता पंचनामे पावसाचेही होतात.