भाग १४ : सदरा काढायची लाज



मागच्या भागात आपण ३० जून १८५७ च्या चिनहटच्या लढाईबद्दल बोललो. हेन्री लॉरेन्सची फौज इथे हरली आणि लखनौच्या रेसिडेन्सीत जाऊन अडकली. त्याच चिनहटमध्ये मी निवृत्तीनंतर राहतो. आजचा विषयही शिपायाच्या छातीचाच आहे, पण गोळी झेलणाऱ्या छातीचा नाही. पुरुषाची छाती बायकांसारखी वाढते, तिचा. कानाला विचित्र वाटेल. घरात कोणी बोलत नाही, म्हणूनच बोलतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा साताऱ्याहून माझ्याकडे आला. वय २१. धावण्यात पहिला, लेखी परीक्षा पास, आणि भरतीच्या मेडिकलमध्ये अडकला. कागदावर एक लांबलचक शब्द होता : गायनेकोमास्टिया. मला म्हणाला, "मामा, आईला सांगू नका." मग हळूहळू कळलं की हा मुलगा आठवीपासून विहिरीत पोहायला उतरला नव्हता. उन्हाळ्यातही आत घट्ट बनियन, वर सैल शर्ट. चालायचा तो खांदे पुढे काढून.

तो बोलत होता आणि मला माझी तरुणपणची एक पहाट आठवत होती. पीटीचं मैदान, रिक्रूटांची रांग, उस्तादाचा हुकूम : बनियन उतार. एका पोराने उतरवायला वेळ लावला. उतरवल्यावर सगळे हसले. मी नवा लेफ्टनंट होतो. मीही हसलो.

हे हसणं किती जुनं आहे, ते बघा. 'गायनेकोमास्टिया' हा शब्द ग्रीक आहे. 'गायने' म्हणजे बाई, 'मास्तोस' म्हणजे स्तन. तो वापरला दुसऱ्या शतकातल्या गेलेन या वैद्याने. पुढे सातव्या शतकात एजिना बेटाच्या पॉल नावाच्या वैद्याने यावरची शस्त्रक्रियाच लिहून ठेवली. स्तनाखाली चंद्रकोरीसारखा छेद घ्यायचा, आतली चरबी काढायची आणि टाके घालायचे. छाती फार लोंबत असेल तर दोन कोरी टोकाला जुळवून मधली कातडीही काढायची. ऑपरेशन का करायचं, याचं कारणही त्याने दिलंय. बायकी म्हणून दोष लागतो, म्हणून. दुखतं म्हणून नाही! इसवी सन १००० च्या सुमारास स्पेनमधल्या कॉर्डोबाच्या अल-जहरावीने ही पद्धत अरबीत नेली. १४६५ मध्ये तुर्की शल्यवैद्य साबुंजूओग्लूच्या सचित्र ग्रंथात ती पुन्हा दिसते. म्हणजे आठशे वर्षं लाज तीच आणि छेदही जवळपास तोच.

आता कोणी म्हणेल, लाजेसाठी सुरी कशाला? त्याला मी पुण्याची गोष्ट सांगतो. आमचं चिनहट मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेलं आहे. चाकावरचे हात बघितले की मला पुण्याचा तो कुंभार आठवतो. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा गाडीवान १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळ विटा-मडकी करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. मेणाचा साचा करून त्या मापाची कपाळाची कातडी खाली वळवली. ही हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझीन'मध्ये छापून आली. तीच पद्धत जोसेफ कार्प्यूने १८१४ मध्ये लंडनला करून दाखवली. नाकाशिवाय कावसजी जगत होताच की. पण चारचौघांत वर मान करून उभं राहणं हीसुद्धा माणसाची गरज आहे.

छातीकडे परत येऊ. दुसऱ्या महायुद्धात जपानी छावण्यांतून सुटलेल्या काही अमेरिकी युद्धकैद्यांच्या छात्या वाढलेल्या आढळल्या. उपासमारीनंतर पोटात नीट अन्न गेलं, आणि हार्मोन्सचा तोल सावरता सावरता हा प्रकार झाला. धट्टेकट्टे सैनिक होते ते! त्यांच्या मर्दपणाचा याच्याशी काय संबंध? १९४६ मध्ये अमेरिकेच्या जेरोम वेब्स्टरने छेद स्तनाग्राभोवतालच्या काळ्या वर्तुळाच्या कडेवर आणला, त्यामुळे व्रण लपू लागला. १९८० नंतर चरबी नळीने ओढून काढणं, म्हणजे लायपोसक्शन आलं. आज बहुधा दोन्ही एकत्र करतात. नळीने चरबी निघते, पण घट्ट गाठ कापूनच काढावी लागते. नुसत्या दंड-बैठकांनी ती गाठ जात नाही, हेही लक्षात ठेवा.

आता प्रत्यक्षात काय होतं, ते ऐका. लखनौच्या सर्जनने भाच्याला आधी सुरी दाखवली नाही, प्रश्न विचारले. कधीपासून आहे? जिममध्ये कुठली इंजेक्शनं घेतलीस? औषधं कुठली चालू आहेत? वयात येताना असंख्य मुलांना हे होतं आणि बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप ओसरतं. यकृताचे आजार, थायरॉइड, स्टेरॉइड, काही गोळ्या, क्वचित अंडकोषाची गाठ, ही कारणं आधी तपासावी लागतात. मूळ कारण तसंच राहिलं तर छाती पुन्हा वाढू शकते. आणि एकाच बाजूला कडक गाठ असेल किंवा बोंडातून रक्त येत असेल, तर लाजत बसू नका. स्तनाचा कर्करोग पुरुषांनाही होतो.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन झालं, दोन तासांच्या आत. दुसऱ्या दिवशी घरी. छातीला घट्ट पट्ट्याचं जाकीट, तेही सहा आठवडे. पहिले चार दिवस ठणका होता, कुशीवर वळता येत नव्हतं. निळे-काळे डाग तीन आठवडे राहिले. आठवड्याभरात तो खुर्चीवर बसून अभ्यासाला लागला, पण धावणं आणि वजन उचलणं दीड महिना बंद. सूज पुरती उतरून खरा आकार दिसायला चार-पाच महिने लागले. बोंडाभोवतीचा बधिरपणा त्याहून जास्त टिकला. काहींना रक्त किंवा पाणी साचतं, कधी खळगा पडतो, दोन्ही बाजूंत थोडा फरक राहतो. खळगा पडू नये म्हणून सर्जन बोंडाखाली गाठीची पातळ चकती मुद्दाम ठेवतो. काढलेला भाग तपासणीला पाठवतात, तो अहवाल मागून घ्या. भरतीसाठी करत असाल तर ऑपरेशननंतर किती काळ थांबायचं, ते त्या वर्षीच्या नियमपत्रकात स्वतः वाचा. एजंटाचं ऐकू नका.

सुरीने न निघालेली एक गोष्ट मात्र होती. जाकीट सुटलं तरी पोराचे खांदे पुढेच होते. सवय! आरशापुढे उभा राहायचा आणि हात आपोआप छातीवर जायचे. ते जायला ऑपरेशनपेक्षा जास्त दिवस लागले. मी रोज पहाटे त्याच्याबरोबर चालायला जायचो आणि एवढंच म्हणायचो, "बाळा, सावधान!"

पुढच्या मेडिकलमध्ये तो पास झाला. समजा झाला नसता, तरी गेल्या मे महिन्यात तो गावच्या विहिरीत उतरला, ते मला पुरेसं होतं. बहिणीने फोनवर सांगितलं.

त्या पहाटेच्या रिक्रूटचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. मी त्याचं नावही विचारलं नव्हतं. तुमच्या घरात एखादा मुलगा उन्हाळ्यात दोन-दोन कपडे घालत असेल, तर त्याला हसू नका. डॉक्टरकडे जाताना बरोबर जा.

पुढच्या भागात पुन्हा १८५७ कडे, रेसिडेन्सीच्या वेढ्याकडे. जय हिंद.