पडद्यावरील पदार्थ : हाताळणी व प्रतीती

संगणकाने चितारलेले कापड, धातू किंवा मासळी पाहताना पदार्थ चकचकीत, मऊ की ओला याचा अंदाज डोळा बांधतो. वस्तू फिरवता, कलती करता वा दाबता आली की तो अंदाज बदलतो.

सर्वांत स्पष्ट फरक चकाकीत पडतो. गुळगुळीत पृष्ठावरील उजेडाचा ठिपका वस्तू वळताना पृष्ठावरून सरकतो. रंगाचा पांढरा डाग मात्र वस्तूबरोबरच फिरतो. स्थिर चित्रात दोन्ही सारखेच दिसू शकतात. बुई तुओंग फाँग याने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, संगणक-चित्रात चकाकी दाखवण्याच्या सूत्रात ठिपक्याची जागा बघणाऱ्याच्या स्थानावरही अवलंबून असल्याने तो आपोआप सरकतो. ताण्याबाण्याचे रंग वेगळे असलेली धूपछाव पैठणी एका फोटोत निम्मीच दिसते, ती याच कारणाने.

पालघर तालुक्यातील दांडी-सातपाटीच्या किनारपट्टीवर पापलेट घेणारे गिऱ्हाईक रुपेरी रंगावर विसंबत नाही. बोटाने दाबल्यावर पडलेला खळगा भरून येतो का, कल्ल्याजवळ दाबल्यावर पाणी पांढरे येते की लालसर, हे ते पाहते. फोनवरच्या फोटोत यातले काहीच करता येत नाही. उरतो तो माशाचा डोळा, आणि तोही फसवा. माशाच्या डोळ्याच्या चित्रातील उजेड-अंधाराच्या वाटणीवरून लोक ताजेपणा ठरवतात, असे जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले. फोटो उजळून पाठवणाऱ्या विक्रेत्याला हे प्रयोगाशिवायच ठाऊक असावे. व्हिडिओ कॉलवर मासळीवालीने दाबून दाखवलेला खळगा निदान त्याच माशाचा असतो. संगणकावरील त्रिमितीय प्रतिकृतीत मात्र खळगा किती वेगाने भरावा, हे आज्ञावली लिहिणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. म्हणजे हाताळणीने बघणाऱ्याची खात्री वाढते. पुरावा वाढतोच असे नाही.

मऊपणा व वजन यांची अडचण आणखी मोठी. कठीणपणासाठी दाबणे, पोतासाठी घासणे, वजनासाठी उचलणे अशा हाताच्या ठरावीक हालचाली लेडरमन व क्लॅट्झकी यांनी १९८७ मध्ये नोंदवल्या. काचेच्या पडद्यावर या सगळ्यांची जागा बोट सरकवण्याने घेतली आहे. तरी डोळा हातावर मात करू शकतो : लेक्युये व सहकाऱ्यांच्या २००० सालच्या प्रयोगात, हातातील साधन तेच असूनही, पडद्यावर कमी दबणारी स्प्रिंग लोकांना अधिक कडक लागली.