पुरुषांच्या मापाचा शिधा

आज जरा लांब जाऊ या, थेट खोल समुद्रात. यॉट नावाची एक बोट असते. काही यॉट शिडावर चालतात, काही इंजिनावर. कोणी ती शर्यतीसाठी ठेवतं, कोणी श्रीमंत पाहुण्यांना फिरवायला. या बोटींवर बायका कामाला असतात. कोणी सुकाणू धरते, कोणी शिडं ओढते, कोणी स्वयंपाक करते, तर कोणी पाहुण्यांच्या खोल्या आवरते. त्यांचं खाणं, त्यांच्यावरचा ताण आणि त्यांची पाळी, याची गोष्ट आज सांगते. गोष्ट पावणेतीनशे वर्षांची आहे. ऐकताना एक प्रश्न मनात असू द्या. बोटीवर महिनोन्‌महिन्यांचा शिधा भरायचा, तर तो कोणाचं शरीर डोळ्यांपुढे ठेवून भरायचा?

सुरुवात करू १७४७ सालापासून. त्या काळी लांबच्या प्रवासात खलाशांना स्कर्व्ही नावाचा रोग व्हायचा. हिरड्यांतून रक्त यायचं, दात हलायचे, भरलेल्या जखमा पुन्हा उघडायच्या आणि माणूस मरायचा. इंग्लंडच्या नौदलात जेम्स लिंड नावाचे डॉक्टर होते. सॅलिसबरी या जहाजावर त्यांनी बारा आजारी खलाशी निवडले आणि दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या. रोजचं जेवण सगळ्यांना सारखंच दिलं, पण औषध प्रत्येक जोडीला वेगळं. एका जोडीला व्हिनेगर, एकीला समुद्राचं पाणी, आणि एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. सहा दिवसांत ही संत्री-लिंबूवाली जोडी सुधारली. एक जण तर कामाला लागला. तरीसुद्धा नौदलाने लिंबाचा रस सुरू करायला १७९५ साल उजाडलं. लिंड आदल्या वर्षीच वारले होते.

या प्रयोगातून जगाला कळलं की दूरच्या प्रवासात जगणं-मरणं ताटात काय पडतं यावर ठरतं. पण ते बाराही जण पुरुष होते. जहाजावर खलाशी म्हणून बायकांना घेतच नव्हते, तर दुसरं कोण असणार?

तरी बायका गेल्याच. १७६६ साली फ्रान्समधून बूगँव्हिल नावाच्या कप्तानाची जगप्रवासाची मोहीम निघाली. तिच्यातल्या एका जहाजावर कॉमर्सन हे वनस्पतींचे अभ्यासक होते. त्यांचा मदतनीस झाडपाल्याची ओझी वाहायचा, डोंगर चढायचा. तो पुरुषाच्या वेशातली बाई होती. तिचं नाव झान बारे. फ्रान्सच्या नौदलाच्या जहाजांवर बायकांना बंदी होती, म्हणून हा वेश. १७६८ साली ताहिती बेटावर तिचं गुपित फुटलं. पुढे काही वर्षांनी ती फ्रान्सला परतली आणि पृथ्वीला फेरी घालणारी पहिली ज्ञात स्त्री ठरली. जहाजभर पुरुषांमध्ये वर्षाहून अधिक काळ आंघोळ, परसाकडं आणि पाळी लपवून काम करणं म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. उजाडायच्या आत उरकून यायचं, नाहीतर अंधार पडेपर्यंत थांबायचं, ही सक्ती आपल्यातल्या किती जणींनी सोसली आहे.

आता थोडं विज्ञान. १९०५ साली स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने 'हॉर्मोन' हा शब्द आणला. आपल्या अंगातल्या ग्रंथी रक्तातून निरोप पाठवतात, त्या निरोपाला म्हणायचं हॉर्मोन. १९२९ साली स्त्रीच्या अंगातलं इस्ट्रोजेन वेगळं काढता आलं. १९३६ साली हान्स सेली यांनी दाखवलं की थंडी, जखम, अतिश्रम असे वेगवेगळे ताण आले तरी शरीरात बदल बरेचसे एकाच धर्तीचे होतात. म्हणजे अन्न, ताण आणि हॉर्मोन या तिन्हींची विद्या विसाव्या शतकात उभी राहिली. पण ती तपासली बहुतेक वेळा पुरुषांवर. अमेरिकेत १९४४-४५ मध्ये उपासमारीचा एक मोठा अभ्यास झाला. त्यात ३६ जण अर्धपोटी राहिले, सगळे तरुण पुरुष. १९७७ मध्ये तिथल्या सरकारच्या औषध खात्याने सांगितलं की मूल होण्याच्या वयाच्या बायकांना नव्या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांत घेऊ नये. हेतू पोटातल्या बाळाला जपण्याचा होता. पण त्यामुळे बाईच्या शरीराची माहितीच गोळा होईना. सरकारी पैशावरच्या वैद्यकीय अभ्यासात बायका असल्याच पाहिजेत, असा कायदा तिथे १९९३ मध्ये आला.

त्याच १९७७ सालच्या सप्टेंबरात न्यूझीलंडची नेओमी जेम्स इंग्लंडमधून एकटीच शिडाची यॉट घेऊन निघाली. पूर्वी ती केस कापण्याचं काम करायची. दक्षिण समुद्रात तिची बोट उलटून परत सरळ झाली, डोलकाठीही जायबंदी झाली. तरी २७२ दिवसांत पृथ्वीची फेरी मारून ती परतली. जमिनीवर बाईचं शरीर चाचणीला नको म्हणत होते, आणि ते शरीर समुद्रात चाचणी देऊन आलं.

पुढची बाई यॉटवरच्या नोकरीतूनच वर आली. तिचं नाव ट्रेसी एडवर्ड्स, राहणारी ब्रिटनची. पाहुण्यांच्या यॉटवर सरबराई आणि स्वयंपाक ही तिची कामं. १९८५-८६ च्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत तिला जायचं होतं. बायकांना कोणी घेत नव्हतं. अखेर ती गेली, पण आचारी म्हणून. मग तिने ठरवलं, पुढच्या खेपेला सगळ्या बायकाच न्यायच्या. घर गहाण टाकून तिने एक जुनी बोट घेतली आणि ती दुरुस्त करून तिचं नाव 'मेडन' ठेवलं. यॉटवर काम करतानाच तिची जॉर्डनचे राजे हुसेन यांच्याशी ओळख झाली होती. बाकी कंपन्या पाठ फिरवत असताना त्यांच्या देशाच्या विमान कंपनीने पैसे दिले. २ सप्टेंबर १९८९ ला साउदॅम्प्टन बंदरातून बारा जणी निघाल्या. पत्रकार थट्टा करत होते की या पहिल्या टप्प्यातूनच परत येतील. त्या नऊ महिन्यांनी जगाची फेरी पुरी करूनच परतल्या. वाटेत आपल्या गटातले दोन टप्पे जिंकल्या आणि गटात दुसऱ्या आल्या. त्या बाराजणींत डॉक्टरही बाई होती आणि आचारीही बाईच.

शर्यतीच्या बोटीवर वजन वाचवावं लागतं, म्हणून वाळवलेलं अन्न नेतात. गरम पाणी ओतलं की जेवण तयार. रात्रंदिवस पहारा असतो. जुनी पद्धत चार तास काम, चार तास विश्रांती अशी. म्हणजे सलग झोप नाही. आपल्या भाषेत कामाच्या पहाऱ्यालाही पाळी म्हणतात आणि महिन्याच्या पाळीलाही पाळीच. बोटीवर पहिली पाळी मिनिटावर धरून असते आणि दुसरी बिघडते.

ती का बिघडते, हे नीट ऐका. आपल्या मेंदूत एक लहानसा भाग असतो. तिथून ठरावीक अंतराने निरोप निघतात. ते मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीकडे जातात आणि तिथून बीजकोशांकडे. मग बीज तयार होतं आणि पाळी येते. मेहनत खूप आणि खाणं कमी झालं, त्यात झोप तुटली, काळजी वाढली, की मेंदू म्हणतो, आता जीव सांभाळायचा, मूल वाढवायची ही वेळ नव्हे. निरोप मंदावतात. पाळी लांबते किंवा बंद होते. इस्ट्रोजेन कमी झालं की हाडं कमकुवत होतात. ताणाच्या वेळी वाढणारं कॉर्टिसॉल हे हॉर्मोन यात भर घालतं. १९९२ साली अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकांनी खेळाडू मुलींमध्ये कमी खाणं, थांबलेली पाळी आणि ठिसूळ हाडं ही त्रयी एकत्र ओळखली. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने ती आणखी व्यापक केली. पोटात पुरेसं गेलं नाही तर पाळी, हाडं, प्रतिकारशक्ती, मन, सगळ्यांवर परिणाम होतो, असं मांडलं.

आता शिध्याच्या मापाकडे येऊ. बाईचं अंग लहान, म्हणून पुरुषाच्या शिध्यातून थोडं कमी केलं की झालं, असं वाटतं. इथेच हिशेब चुकतो. आपल्या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये दिलेलं माप पाहा. पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागतं, तर पाळी येणाऱ्या बाईला २९ मिलिग्रॅम, कारण दर महिन्याला तिचं रक्त जातं. म्हणजे पोळी एखादी कमी चालेल, पण लोह दीडपट हवं. पुरुषाच्या ताटातलं थोडं थोडं काढून बाईचं ताट केलं, तर नेमकं तिला जास्त हवं तेच कमी होतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. हेलकावणाऱ्या बोटीत, ओल्या जाड कपड्यांचे थर काढून लघवीला जाणं हे मोठं काम. म्हणून पाणीच कमी प्यायचं, असं होतं. मग डोकं दुखतं, थकवा येतो, मूत्रमार्गाला संसर्ग होतो. काही जणी गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकलतात. सणावाराला आपल्याकडेही घेतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या घेऊ नयेत. काहींच्या रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो.

शर्यतीपेक्षा जास्त बायका पाहुण्यांच्या यॉटवर नोकरी करतात. उन्हाळ्यात भूमध्य समुद्र, हिवाळ्यात कॅरिबियन बेटं. पाहुण्यांना पाच-पाच पदार्थ वाढायचे आणि आपण उभ्याउभ्या उरलंसुरलं खायचं. मालकाची मर्जी, अरुंद खोलीत दुसऱ्या कोणाबरोबर राहणं, घर लांब. ताण इथेही आहे, फक्त तो हसऱ्या चेहऱ्यामागे ठेवावा लागतो. समुद्रावरच्या नोकरदारांसाठी एक जागतिक करार आहे. तो २००६ मध्ये झाला आणि २०१३ पासून अमलात आला. पैसे घेऊन पाहुणे नेणाऱ्या यॉटही त्याच्याखाली येतात. २४ तासांत किमान १० तास विश्रांती आणि फुकट, चांगलं जेवण, हा त्यात हक्क आहे. डिसेंबर २०२४ पासून त्यात आणखी भर पडली. जेवण समतोल हवं, पिण्याचं चांगलं पाणी फुकट हवं, आणि बायकांच्या अंगाला बसतील अशा मापाची सुरक्षा-साधनं हवीत. लिंड यांच्या लिंबापासून इथपर्यंत यायला पावणेतीनशे वर्षं लागली.

या गोष्टीचा एक धागा आपल्या शेजारी, गोव्यातही आहे. तिथल्या दिवाडी बेटावर 'तारिणी' ही ५६ फुटांची शिडाची बोट बांधली गेली. १० सप्टेंबर २०१७ ला तिच्यातून भारतीय नौदलाच्या सहा जणी निघाल्या. कप्तान होत्या वर्तिका जोशी. सोबत प्रतिभा जामवाल, स्वाती, ऐश्वर्या, विजया देवी आणि पायल गुप्ता. जगाची पहिली एकट्याने सागरप्रदक्षिणा करणारे भारतीय, कप्तान दिलीप दोंदे, यांनी त्यांना तयार केलं. न्यूझीलंडहून फॉकलंड बेटांपर्यंतचा एकच टप्पा एक्केचाळीस दिवसांचा होता. २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ ला, सहाही जणी गोव्यात परतल्या. त्याच बोटीतून २ ऑक्टोबर २०२४ ला दिलना आणि रूपा या दोघीच निघाल्या आणि मे २०२५ मध्ये जग फिरून आल्या. आता बोट भरताना बाईचं शरीर डोळ्यांपुढे ठेवावंच लागतं, कारण बोटीवर दुसरं कोणी नसतंच.

मैत्रिणींनो, आपल्या घरची बोट आपणच भरतो. धान्य निवडतो, मोजतो, शिजवतो, वाढतो. ट्रेसीसारख्या आपणही आचारी आहोत. पण सगळ्यांना वाढून झाल्यावर तळाशी उरतं ते आपलं माप. पुढच्या बैठकीत बचतीच्या वहीबरोबर आणखी एक वही उघडा. त्यात प्रत्येकीने आपल्या पाळीची तारीख लिहावी. दिवस गेलेले नसताना तीन महिने पाळी आली नाही, तर 'बरं झालं, कटकट गेली' म्हणू नका, दवाखान्यात जा. खूप जात असेल तरी जा आणि रक्त तपासून घ्या. तहान मारू नका. जेवणाबरोबर चहा नको, तो लोह अंगी लागू देत नाही. आणि भाजी-आमटीवर लिंबू पिळा. डाळी-पालेभाज्यांतलं लोह त्याने जास्त शोषलं जातं. त्या बारा खलाशांतल्या दोघांना वाचवलं ते याच जातीच्या फळाने. पण लिंबू पिळायच्या आधी ताटात भाजी-आमटी पुरेशी आहे ना, ते बघा. तळाशी उरलेली नव्हे, आधी बाजूला काढून ठेवलेली.