व्याकरण न शिकवता इंग्रजी येतं का? बंगळूरच्या प्रयोगाने शोधलेलं उत्तर

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांमध्ये २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवलं जातं. दहावीपर्यंत मुलांची दहा वर्षं इंग्रजीत जातात. काळ होतात, ॲक्टिव्ह-पॅसिव्ह होतं, डायरेक्ट-इनडायरेक्ट होतं. तरीही मुलाखतीत 'स्वतःबद्दल दोन वाक्यं सांगा' म्हटलं की अनेकांना शब्द सापडत नाहीत. पेपरात बरोबर सोडवलेला नियम तोंडातून निघत नाही.

हे फक्त मुलांच्या आळसामुळे होतं का? की शिकवण्याच्या पद्धतीतच काही अडचण आहे? जवळपास पाच दशकांपूर्वी दक्षिण भारतातल्या काही शिक्षकांना हाच प्रश्न पडला होता. उत्तर शोधण्यासाठी त्यांनी साध्या शाळांमध्ये पाच वर्षं एक प्रयोग केला. 'बंगळूर प्रकल्प' या नावाने तो जगभरातल्या भाषाशिक्षकांना माहीत आहे.

आधी हे समजून घेऊ: उपयोजित भाषाविज्ञान म्हणजे काय?

भाषेची रचना कशी असते, ती कशी बदलते, याचा अभ्यास म्हणजे भाषाविज्ञान. हे ज्ञान रोजच्या अडचणी सोडवण्यासाठी वापरणं म्हणजे उपयोजित भाषाविज्ञान. अनुवाद, शब्दकोश, भाषेच्या परीक्षा, राज्याचं भाषाधोरण असे अनेक विषय त्यात येतात. त्यातला सर्वांत मोठा विषय आहे दुसरी भाषा कशी शिकली जाते आणि कशी शिकवावी.

प्रयोगाआधी वर्गात काय चाललं होतं?

१९५०च्या दशकाच्या अखेरीपासून मद्रास राज्यात इंग्रजी 'रचना पद्धती'ने शिकवायला सुरुवात झाली. या पद्धतीत भाषेचे छोटे तुकडे पाडले जातात. आधी 'धिस इज अ पेन', मग 'दीज आर पेन्स', मग चालू वर्तमानकाळ. एक रचना पक्की झाली की पुढची. शिक्षक वाक्य म्हणणार, वर्ग ते पुन्हा म्हणणार.

पद्धत शिस्तबद्ध होती, शिक्षकांना तिचं प्रशिक्षणही मिळत होतं. पण अडचण लवकरच दिसू लागली. वर्गात पन्नास वेळा बरोबर म्हटलेलं वाक्य मुलं वर्गाबाहेर वापरत नव्हती. स्वतःच्या मनातलं सांगायची वेळ आली की पाठ केलेली रचना कोलमडायची.

प्रभूंचा अंदाज

एन. एस. प्रभू तेव्हा मद्रासमध्ये ब्रिटिश कौन्सिलमध्ये काम करत होते. बंगळूरच्या दक्षिण भारतासाठीच्या प्रादेशिक इंग्रजी संस्थेतल्या सहकाऱ्यांसोबत त्यांनी १९७९ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. तो १९८४ पर्यंत चालला. बंगळूर, मद्रास आणि कडलूर इथल्या शाळांमधले साधारण ८ ते १५ वर्षं वयाच्या मुलांचे वर्ग त्यात होते.

प्रभूंचा अंदाज थोडक्यात असा होता: मुलाचं लक्ष अर्थावर असतं, तेव्हा त्याच्या मनात व्याकरण आपोआप घडत जातं. त्यासाठी नियम समजावून सांगायची किंवा रचना घोटून घ्यायची गरज नाही.

हे ऐकायला अजब वाटतं, पण मातृभाषेकडे पाहिलं तर पटू लागतं. मराठी घरातलं लहान मूल कधीकधी 'मी करलं' म्हणतं. 'करलं' हा शब्द त्याला कुणी शिकवलेला नसतो, मोठी माणसं तसं बोलतही नाहीत. 'भरलं', 'धरलं' हे शब्द ऐकून मुलाने स्वतःच एक नियम काढलेला असतो आणि तो 'कर'ला लावलेला असतो. पुढे ऐकून ऐकून 'केलं' येतं. हे होताना घरात कुणी व्याकरणाचा तास घेत नाही. दुसरी भाषा शाळेत शिकतानाही असं काही घडू शकतं का, हे प्रभूंना तपासायचं होतं.

वर्गात नेमकं काय व्हायचं?

या वर्गांचा अभ्यासक्रम म्हणजे व्याकरणातल्या मुद्द्यांची यादी नव्हती. ती कामांची यादी होती. नकाशे, कॅलेंडर, शाळेचं वेळापत्रक, रेल्वेचं वेळापत्रक अशा गोष्टी घेऊन मुलांना कोडी सोडवायला दिली जात.

समजा, फळ्यावर तीन गाड्यांच्या वेळा लिहिल्या आहेत. एका माणसाला दुपारी दोनच्या आत मद्रासला पोहोचायचं आहे, पण सकाळी आठच्या आधी तो घरातून निघू शकत नाही. त्याने कोणती गाडी पकडावी?

प्रत्येक तासाचे दोन भाग असत. आधी शिक्षक अशाच एका कामाबद्दल सगळ्या वर्गाशी इंग्रजीत बोलत आणि प्रश्न विचारत ते काम फळ्यावर सोडवून घेत. मग तसंच दुसरं काम प्रत्येक मूल स्वतः करत असे. तपासताना बघायचं ते उत्तर: गाडी बरोबर निवडली का? वाक्य व्याकरणशुद्ध आहे का, हा प्रश्न नंतरचा.

गाडी निवडायची तर 'बिफोर', 'आफ्टर', 'अराइव्ह', 'लीव्ह' हे शब्द कळावेच लागतात. इथे मूल भाषा पाठ करत नाही, अडलेलं काम पुढे नेण्यासाठी ती वापरतं.

तीन प्रकारची कामं

• माहितीची देवाणघेवाण: एकाकडे अर्धी माहिती, दुसऱ्याकडे उरलेली. दोन्ही जोडून चित्र किंवा तक्ता पूर्ण करायचा.

• विचार करून उत्तर: दिलेल्या माहितीतून तर्काने नवी माहिती काढायची. वर दिलेलं गाडीचं कोडं या प्रकारातलं.

• मत मांडणं: गोष्टीचा शेवट सुचवणं, एखाद्या विषयावर आपली बाजू सांगणं.

प्रकल्पात दुसऱ्या प्रकारावर सर्वाधिक भर होता. पहिल्या प्रकारात मूल समोर दिसणारी माहिती फक्त वाचून दाखवतं. तिसऱ्यात बरोबर-चूक ठरत नाही, त्यामुळे कच्ची मुलं बिचकतात. तर्काच्या कामात डोकं लागतं आणि उत्तर बरोबर आलं की ते मुलालाही कळतं.

अनेकांना आश्चर्य वाटेल अशी एक गोष्ट म्हणजे या प्रकल्पात गटकार्याला प्रोत्साहन नव्हतं. नवशिकी मुलं एकमेकांशीच बोलत राहिली तर एकमेकांची मोडकी भाषा पक्की होईल, असं प्रभूंना वाटत होतं. मुलांच्या कानावर शिक्षकाची भाषा पडावी, यावर त्यांचा भर होता.

मग चुकांचं काय?

चुका सुधारल्या जात, पण ओघात. मुलाने 'ही गो ॲट टेन' म्हटलं तर शिक्षक 'येस, ही गोज ॲट टेन' म्हणून पुढे जात. थांबून 'एस' का लागतो हे समजावत बसत नसत. घरी मूल 'करलं' म्हणालं तर आईही 'हो, तू केलंस!' म्हणून पुढे जाते, तसंच हे.

यामागेही संशोधन होतं. ब्रिटिश अभ्यासक पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये मांडलं होतं की शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे निव्वळ निष्काळजीपणा नव्हे. त्या क्षणी त्याच्या मनात भाषेची कोणती व्यवस्था तयार आहे, ते चुकांमधून दिसतं. पुढे १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी या मधल्या अवस्थेला 'आंतरभाषा' असं नाव दिलं. ती पहिल्या भाषेसारखी नसते आणि पूर्णपणे दुसऱ्या भाषेसारखीही नसते.

निकाल काय लागला?

ॲलन बेरेटा आणि ॲलन डेव्हिस या अभ्यासकांनी प्रकल्पातल्या वर्गांची तुलना रचना पद्धतीने शिकलेल्या वर्गांशी केली. हे मूल्यमापन १९८५ मध्ये प्रसिद्ध झालं.

दोन्ही बाजूंना न्याय मिळावा म्हणून चाचण्या वेगवेगळ्या ठेवल्या होत्या. रचनांच्या चाचणीत जुन्या पद्धतीची मुलं पुढे राहिली. कामांच्या चाचणीत प्रकल्पातली मुलं पुढे राहिली. जे शिकवलं त्यात मुलं पुढे, हे अपेक्षितच होतं. खरी कसोटी होती संदर्भासह व्याकरण, श्रुतलेखन आणि आकलन या तटस्थ चाचण्यांची. तिथे एकंदरीत प्रकल्पातल्या मुलांची कामगिरी सरस दिसली. ज्यांना व्याकरण वेगळं शिकवलंच नव्हतं, त्यांना ते वापरता येत होतं.

तरीही अभ्यासकांनी निष्कर्ष जपून मांडला. मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, आहेत ते वर्ग तसेच घेतले होते. प्रकल्पात शिकवणारे काही जण बाहेरून आलेले, उत्साही आणि चांगलं इंग्रजी बोलणारे होते. मग श्रेय पद्धतीचं की शिक्षकाचं? शाळेतल्या नेहमीच्या शिक्षकांना ही पद्धत पेलणं जड गेलं, असं बेरेटा यांच्या पुढच्या अभ्यासातही दिसलं. पुस्तकातलं वाक्य म्हणून घेणं सोपं असतं. मुलांशी इंग्रजीत मोकळं बोलत राहायचं तर शिक्षकाचं स्वतःचं इंग्रजी भक्कम लागतं.

कॅनडातून आलेली दुसरी बाजू

कॅनडातल्या क्विबेक प्रांतात १९६५ पासून इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना शाळेतले विषय फ्रेंचमधून शिकवण्याचा प्रयोग सुरू झाला. मुलांना फ्रेंच उत्तम समजू लागलं, पण बोलण्या-लिहिण्यातल्या व्याकरणाच्या काही चुका वर्षानुवर्षं टिकल्या. त्यावरून मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये म्हटलं की समजणं पुरेसं नाही. शिकणाऱ्याला नेमकेपणाने बोलावं-लिहावं लागलं पाहिजे, तेव्हाच आपल्याला काय येत नाही हे त्याच्या लक्षात येतं.

२००० मध्ये जॉन नॉरिस आणि लूर्डेस ऑर्टेगा यांनी ४९ अभ्यासांचे निकाल एकत्र तपासले. त्यात नियमांकडे थेट लक्ष वेधणाऱ्या शिकवण्याचा फायदा होतो, असं दिसलं. मात्र यातल्या बऱ्याच चाचण्या नियमांचं ज्ञानच मोजत होत्या, हेही त्यांनी नोंदवलं.

म्हणून आज अनेक अभ्यासक मधला मार्ग सुचवतात: आधी अर्थपूर्ण काम, आणि ते करताना जिथे अडतं तिथे व्याकरणाकडे थोडा वेळ लक्ष.

याचा आज काय उपयोग?

कामावर आधारित भाषाशिक्षण आज जगभर रुजलं आहे आणि त्याच्या सुरुवातीच्या प्रयोगांमध्ये बंगळूर प्रकल्पाचं नाव आवर्जून घेतलं जातं. आपल्याकडे दहावीला इंग्रजीची 'कृतिपत्रिका' असते. पण कृती आणि काम यांत फरक आहे. कंसातलं क्रियापद योग्य काळात लिहा, हा सराव झाला. तीन हॉस्टेलांची माहितीपत्रकं वाचून पाच हजारांत बसेल ते निवडा आणि कारण सांगा, हे काम झालं. ओळखायची खूण सोपी आहे: भाषा बाजूला ठेवली तरी काहीतरी साध्य करायचं उरतं का?

पालकांनी मुलाला प्रत्येक वाक्यावर थांबवून सुधारण्याऐवजी त्याला काय म्हणायचंय ते आधी ऐकावं आणि बरोबर वाक्य सहज बोलून दाखवावं. मोठ्या वयात भाषा शिकणाऱ्यांनी नियमांचं पुस्तक संपण्याची वाट पाहू नये. त्या भाषेत पाककृती वाचून पदार्थ करावा, तक्रारीचा ईमेल लिहावा, फोनवर पत्ता विचारावा आणि जिथे अडेल तो नियम त्याच दिवशी पाहावा.

क्लास लावताना मात्र 'तीस दिवसांत अस्खलित' अशा जाहिरातींपासून सावध राहिलेलं बरं. खुद्द प्रभूंनी १९९० मध्ये एका लेखात 'सर्वोत्तम पद्धत' अशी काही नसते, असं मांडलं होतं. आपण जे शिकवतो त्यातून मूल कसं शिकतं, याची शिक्षकाला स्वतःची समज असणं त्यांना जास्त महत्त्वाचं वाटत होतं. म्हणून क्लासमध्ये चौकशी करताना पद्धतीचं नाव विचारण्यापेक्षा एका तासात आपल्याला किती वेळ बोलायला मिळेल आणि कशासाठी बोलायचं असेल, हे विचारावं.